नाव विचारण्यात गेलेली बारा मिनिटं

त्या दुपारचा फोन आजही माझ्या कानातून जात नाही. चौतीस वर्षं खाकी अंगावर होती. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. लोक विचारतात, साहेब, तुमची सगळ्यात मोठी केस कोणती? त्यांना वाटतं मी एखाद्या टोळीचं काहीतरी रंगवून सांगीन. मी सांगतो ती केस रजिस्टरात एका साध्या अपघाताच्या गुन्ह्यापलीकडं काही नाही. पण तिच्यात चूक माझी होती, म्हणून माझ्यापुरती ती सगळ्यात मोठी. इथं कोणाचं नाव घेणार नाही, ठाण्याचंही नाही. नांदेड जिल्ह्यात, लातूरकडच्या बाजूला, एवढं पुरे.

दिवस लग्नसराईचे होते. दाट तिथीला पोलिसांची काय गत होते ते ठाण्यात बसल्याशिवाय कळायचं नाही. रस्ताभर वऱ्हाडाच्या गाड्या, चौकाचौकात वराती, डीजेच्या तक्रारी, पंगतीत आधी कोण बसलं यावरून डोकी फुटलेली. त्या दिवशी आमच्या हद्दीत चार लग्नं होती. हे मला नक्की माहीत होतं, कारण लाऊडस्पीकरच्या परवानगीचे चार अर्ज माझ्याच सहीनं मंजूर झाले होते. निम्मा स्टाफ नांदेडला बंदोबस्ताला गेलेला. ठाण्यात मी, ठाणे अंमलदार म्हणून एक जुने जमादार, वायरलेसवर एक महिला शिपाई आणि जीपचा ड्रायव्हर, एवढेच होतो.

तीन वाजून वीस मिनिटांनी लँडलाइन वाजली. मी शेजारच्या खोलीत केस डायरी लिहीत बसलो होतो. दार उघडंच होतं. जमादारांचं बोलणं ऐकू येत होतं.

"हॅलो, पोलीस ठाणे. हं, बोला बाई. कोण बोलायलंय? न्हाई न्हाई, आधी नाव सांगा. नाव, गाव, मालकाचं नाव. अहो, नावाशिवाय मी लिहू काय इथं? हॅलो? हॅलो!"

मी आतूनच विचारलं, काय भानगड आहे.

"काही न्हाई साहेब, बाई होती कोणी. लग्नाच्या गाडीचा ड्रायव्हर पिलेला हाय म्हणं, गाडी निघायली म्हणं. नाव विचारलं की ठेवलाच फोन. रुसवाफुगवा असंल, एकमेकांवर राग काढायलेत."

आणि मी काय म्हणालो? खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, "परत आला तर आधी नाव घ्या. निनावी फोनवर पळत सुटलो तर झालंच आपलं."

जमादारांना दोष देऊ नका. त्यांना ते मीच शिकवलं होतं. पोलिसाचा हातच तसा वळलेला असतो. फिर्याद असो, जबाब असो, कागद पुढं ओढला की पहिली ओळ नावाची. मग वय, धंदा, राहणार अमुक तमुक, आणि मग कुठं झालं काय ते. त्यातून महिनाभर आधी एका निनावी फोनवर विश्वास ठेवून मी एका भल्या माणसाच्या घराची झडती घेतली होती. निघालं काय, तर भाऊबंदकीतला खोडसाळपणा. गावासमोर त्या माणसाची शोभा झाली, वरून मला बोलणी बसली ती वेगळीच. तेव्हापासून ठाण्यात माझा हुकूम होता, आधी नाव, मग गाऱ्हाणं. मला तो हुकूम फार शहाणपणाचा वाटायचा.

तीन बत्तीसला फोन पुन्हा वाजला. जमादार लघवीला गेले होते. मीच उचलला.

"मोठे साहेब हाव का तुम्ही?" बाईचा आवाज. दबलेला, तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा.

"बोला. आपण कोण बोलता?"

"नाव नगा विचारू साहेब. गाडी गेली बगा. मघाशी दारातच उभी होती, तवाच फोन केलता मी. त्यो लई पिलाय, त्याला धड उभं राहता येईना. आत लेकरं हायत साहेब. सहा लेकरं."

"बाई, घाबरू नका. तुमचं नाव काय?"

बघा, पुन्हा. ती सहा लेकरं म्हणते आणि माझ्या तोंडातून नाव काय. जीभ आपोआप वळली. मग ती म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर आत्ताच अक्षता पडल्यात साहेब. माझं नाव निघालं तर लग्न मोडंल तिचं." आणि फोन ठेवला.

त्या फोनला नंबर दिसायची सोय नव्हती. गाडी कोणती, माहीत नाही. रंग माहीत नाही. कोणत्या गावाहून कुठं चालली, माहीत नाही. दोन वेळा ती बाई जीव मुठीत धरून सांगायला आली आणि दोन्ही वेळा आम्ही तिला दारातूनच परत पाठवलं. आता ती तिसऱ्यांदा फोन करणार नव्हती. आणि कुठल्यातरी रस्त्यावर सहा लेकरं घेऊन एक झिंगलेला माणूस गाडी हाकत होता.

एकच धागा होता. तिच्या मागं बँडचा संथ सूर चालला होता आणि बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. म्हणजे पाठवणी. मी परवानगीचे चार अर्ज काढले आणि गावोगावच्या पोलीस पाटलांना फोन लावत सुटलो. पहिल्या गावात अजून पंगती चालू. दुसऱ्या गावचा मुहूर्तच संध्याकाळचा. तिसऱ्या गावचे पाटील फोन उचलेनात. घाईत आकडे चुकत होते. चौथ्या गावचे पाटील म्हणाले, "हाव साहेब, आत्ताच पाठवणी झाली. आठ गाड्या आल्त्या रेणापूरकडून. गेले की समदे."

"त्यातला एखादा ड्रायव्हर पिलेला होता का?"

"न्हाई बा साहेब! तसलं काही न्हाई आपल्या गावात."

उत्तर जरा जास्तच लवकर आलं. खरोखर माहीत नसतं तो माणूस आधी विचारतो, कोण? काय झालं? ज्याला माहीत असतं तो आधी नाही म्हणतो. मी टोपी उचलली.

त्या गावातून रेणापूरकडं जायला दोन वाटा. एक कंधारवरून लोह्याला निघून अहमदपूरकडं जाते. दुसरी जांबवरून शिरूर ताजबंदला. महिला शिपायाला म्हणालो, दोन्हीकडच्या ठाण्यांना संदेश दे, वऱ्हाडाची गाडी, चालक दारूच्या नशेत, आत लहान मुलं.

"सर, गाडी कोणती? रंग?"

"माहीत नाही."

"नंबर?"

"माहीत नाही म्हणतोय ना!" मी तिच्यावर खेकसलो. तिची काय चूक? त्या दिवशी रस्त्यावरची प्रत्येक गाडी वऱ्हाडाची होती आणि प्रत्येकीत लेकरं होती. पलीकडच्या ठाण्याचा अंमलदार हसला असेल मनात.

जमादारांना घेऊन नऊ-दहा मिनिटांत गावात पोचलो. मांडवात पाठवणीनंतरची ती ओस कळा. खुर्च्या एकात एक चढवणं चाललेलं, पत्रावळी गोळा करणं चाललेलं, कडेला नवरीची आई भिंतीला टेकून बसलेली. पोलिसांची जीप पाहून सगळे जागच्या जागी थिजले. मुलीचे वडील हात पुसत पुढं आले. पंचावन्नचे असतील. डोळे लाल, रडून.

"काय झालं साहेब? स्पीकर तर बंद केलाय आम्ही."

"वऱ्हाडातला एक ड्रायव्हर पिलेला होता. कोणती गाडी?"

"न्हाई साहेब. कोणी पिलेलं न्हाई."

"गाडीत सहा लेकरं आहेत."

त्यांचा चेहरा पडला. पण ओठ काही उघडले नाहीत. शेजारी मुलीचे काका उभे होते, त्यांना विचारलं. तेही न्हाई. आचाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मी तर चुलीपाशी होतो. बँडवाल्याला विचारलं, तर तो आपल्या पिपाणीकडंच बघायला लागला. चौकशीत मी भल्याभल्यांना बोलतं केलं होतं, पण इथं मला एक गोष्ट कळेना. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर पिला असेल तर लोक त्याला पाठीशी का घालतील? उलट दहा माणसं पुढं होऊन सांगतील, साहेब, त्यो तसलाच हाय, हाणा त्याला. मग हे सगळे कोणाला झाकत होते?

काकांच्या पायाशी एक पिशवी होती. आमच्याकडं वऱ्हाडाच्या गाड्या आणणाऱ्या ड्रायव्हर लोकांना मुलीकडून टॉवेल-टोपीचा आहेर करतात. कुंकू लावून, हातात नारळ देऊन. ती जबाबदारी बहुतेक काकांवर असते. मी पिशवीकडं बघून विचारलं, "किती ड्रायव्हरांना टॉवेल-टोपी केली?"

"सात, साहेब."

"पाटील आठ गाड्या म्हणाले."

काकांनी भावाकडं बघितलं. भावानं जमिनीकडं बघितलं.

"आठवी भाड्याची न्हाई साहेब," काका हळूच म्हणाले. "घरची हाय. तेंच्या जावयाची. तेला टॉवेल-टोपी कसं करणार? तेला भर आहेर केला."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मुलाकडचा थोरला जावई. नवरदेवाचे दाजी. आख्ख्या वऱ्हाडात ज्याचा मान सगळ्यात मोठा, तो माणूस. त्याला मुलाचा बाप उतर म्हणू शकत नाही. मुलीच्या बापानं तर तोंडातून शब्द काढायचाच नाही. जावई रुसला तर मुलाकडचे रुसणार, आणि तासाभरापूर्वी घरची झालेली पोर त्या घरात जन्मभर टोमणे खाणार. मांडवातल्या पन्नास माणसांनी त्याला गाडीच्या चाव्या घेताना बघितलं होतं. लडखडताना बघितलं होतं. वर त्याच्या हातात पानाचा विडा दिला होता, वास लपावा म्हणून. आणि सगळ्यांनी मिळून त्याच्याच गाडीत सगळी पोरं बसवली होती, कारण गाडी नवी आणि एसीची.

"जावई कोणत्या रस्त्यानं गेले?" मी विचारलं.

कोणी बोलेना. लोह्याच्या वाटेनं निघालो आणि तो जांबकडं गेला असला तर संपलंच. मी मुलीच्या वडिलांना म्हणालो, "हे बघा, मी तुमच्या पाया पडतो. पोरं कोणाचीही असू देत." त्यांनी नुसते हात जोडले. पण त्यांच्या डोळ्यांपुढं त्यांची स्वतःची पोर होती, त्यांना तरी काय म्हणू?

मांडवाच्या कडेला एक बाई पाण्याचा हंडा रिकामा करत होती. चाळिशीची, डोईवरून पदर. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. शेजारच्या बाईला म्हणाली, जरा मोठ्यानंच, "लेकरांना जांबच्या हाटेलात भजे खायचे होते म्हणं. नव्या पांढऱ्या गाडीत बसून काय तोरा हाय एकेकाचा!"

आवाज तोच. मी तिच्याकडं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मांडवातल्या सगळ्यांनी बघितलं असतं. जमादारांना नुसती खूण केली आणि जीपकडं पळालो.

जांबच्या रस्त्यावर एका फाट्याला आमची छोटी चौकी होती. तिथल्या शिपायाला जीपमधून फोन लावला. "बॅरिकेड आडवे टाक. सगळ्या गाड्या थांबव, एकट्या गाडीला नाही. नवी पांढरी गाडी आली की आधी चावी काढून घे. आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही." तो "जी सर, जी सर" करत राहिला. चार वाजले होते. ड्रायव्हर जीप पळवत होता, आणि मी वळणावळणाला रस्त्याच्या कडेच्या चाऱ्या बघत होतो. कुठं पांढरा पत्रा दिसतो का. दिसू नये म्हणून देवाचं नाव घेत होतो.

पाच-सहा किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला माणसं जमलेली दिसली. गाडी मात्र दिसेना. उतरून बघतो तर एक सायकल, मागचं चाक पार मुडपलेलं. डांबरावर पेचकस, तेलाची बुदली, शिलाई मशीनचे पट्टे आणि सुयांची पाकिटं पसरलेली. एक वयस्क माणूस कडेला पडला होता, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. उजवा पाय गुडघ्याखाली जसा वळला होता तसा पाय वळत नसतो. त्या बाजूला सगळे त्यांना ओळखायचे. गावोगाव फिरून शिलाई मशीन दुरुस्त करणारे चाचा. शुद्धीवर होते.

मी वाकलो. एकीकडं हा माणूस, रक्त वाहतंय. दुसरीकडं ती गाडी पुढंच चाललेली. थांबावं का जावं, मला सुधरेना. चाचांनी माझी बाही धरली.

"गाडीत बच्चे होते साहेब. मागच्या काचेतून दिसले मला. जावा तुम्ही."

जमादार खाली बसले, डोक्यावरचा रुमाल काढून पाय बांधायला लागले. मला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी हाय हितं." मागून टमाट्याचा पिकअप येत होता, तो हात करून थांबवला. मी निघालो तेव्हा जमादारांच्या मांडीवर चाचांचं डोकं होतं.

फाट्याला सात-आठ गाड्यांची रांग लागली होती. पांढरी गाडी तिसरी. डावा आरसा तुटून लोंबत होता. मी आधी मागच्या काचेतून आत डोकावलं आणि लेकरं मोजली. सहा. एक झोपलेलं, बाकीच्यांच्या हातात बुंदीचे लाडू. पुन्हा एकदा मोजली आणि मगच पुढच्या दाराशी गेलो.

जावई पस्तिशीचे. फेटा गळ्यात आलेला, तोंडात पान. गावाबाहेरच्या टपरीवर वीस-पंचवीस मिनिटं मोडली होती, म्हणून अजून इथवरच पोचलेले. चावी शिपायाच्या हातात बघून आधीच तापलेले.

"ओ साहेब, कोणी सांगितलं तुम्हाला? नाव सांगा त्याचं!"

ही त्यांची पहिली ओळ. त्यांनाही नावच पाहिजे होतं.

"रोजची नाकाबंदी आहे. खाली उतरा. हा आरसा कशानं तुटला?"

"कुत्रं आलं आडवं."

मागच्या सीटवरची आठ-नऊ वर्षांची पोरगी म्हणाली, "कुत्रं न्हाई, आजोबा होते सायकलवर. मामा थांबलेच न्हाईत." जावयांनी वळून तिच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय उतरलं ते मी विसरणार नाही. त्यांना खरंच कळलं नव्हतं. माणूस उडवला हेच त्या माणसाला कळलं नव्हतं.

तेवढ्यात वऱ्हाडाच्या दुसऱ्या गाडीतून मुलाकडचे एक ज्येष्ठ गृहस्थ उतरून आले. "हे मुलीकडच्यांचं काम हाय! आमच्या जावयाची इज्जत घ्यायला बसलेत. नवरीची गाडी थांबवा रे पुढं, फोन लावा." मोबाईल त्यांच्या कानाला लागलाही होता. आमचा शिपाई भोळा, तो म्हणाला, "साहेब, हीच ना ती," आणि मी त्याच्याकडं असं बघितलं की पुढचा शब्द त्यानं गिळला.

मी त्या गृहस्थांना म्हणालो, "काका, फोन ठेवा. मागं बघा, सगळ्याच गाड्या थांबवल्यात. तुमच्याही ड्रायव्हरला फुंकायला लावणार आहे." आणि लावलं. पुढचा दीड तास त्या फाट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चालकाला मी मशीनमध्ये फुंकायला लावलं. एका डॉक्टरला, एका एसटीच्या ड्रायव्हरला, एका पुढाऱ्याच्या भावाला. शिव्या खाल्ल्या. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या वऱ्हाडाला पटलं की हा साहेबच खडूस आहे, कोणी काही सांगितलेलं नाही. नवरीची गाडी रेणापूरला पोचली, तिचं माप ओलांडणं झालं. लेकरांना दुसऱ्या गाडीत बसवून त्यांच्या आयांकडं पाठवलं.

जावयांचं रक्त सरकारी दवाखान्यात घेतलं. दारू पिऊन गाडी चालवण्याचं मोटार वाहन कायद्यातलं एकशेपंच्याऐंशी कलम, बेदरकारपणे वाहन चालवणं, जखमीला टाकून जाणं, सगळं लागलं. स्टेशन डायरीत मी लिहिलं, गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली. पुढं कोर्टात त्यांच्या वकिलांनी मला तीन वेळा विचारलं, बातमी कोणी दिली? मी तिन्ही वेळा सांगितलं, हे सांगायला कायद्यानं मला भाग पाडता येत नाही. न्यायाधीश मान हलवून पुढं गेले. शिक्षा झाली. ते लग्न आजही टिकून आहे. फोन करणाऱ्या त्या आत्याबाईंनी, म्हणजे त्या नवरीच्या कोण लागत होत्या ते मी नंतर गुपचूप काढलं, आजवर घरात कोणाला काही सांगितलेलं नाही. मीही नाही.

निवृत्तीनंतर शाळा-कॉलेजात बोलायला बोलावतात, तेव्हा मी हेच सांगतो. पिलेला माणूस चावी हातात घेताना दिसला, तर तेव्हाच फोन करा. गाडी रस्त्याला लागल्यावर एकाच्या दोन वाटा होतात आणि पोलिसाला गवतात सुई शोधावी लागते. एकशेबारा लावा. तुम्ही कोण हे नंतर. आधी सांगा जागा कोणती, गाडी कसली, रंग काय, तोंड कुणीकडं आहे. नंबर पूर्ण दिसला नाही तर शेवटचे दोन आकडे सांगा, तेवढ्यावर पण गाडी सापडते. रस्त्यात एखादी गाडी नागमोडी चालली असेल, उगाच ब्रेक मारत असेल, मधल्या पट्ट्यावर चढत असेल, तर तिच्यापासून लांब राहा. स्वतःची गाडी कडेला घ्या आणि मग बोला. पाठलाग करायचा नाही, आडवं घालायचं नाही, तो आमचा धंदा आहे. त्यानं घेतलीच होती का, अशी खात्री करत बसू नका. ती मशीन करते. चूक निघाली तर दोन मिनिटांचा खोळंबा होतो, दुसरं काही होत नाही. आणि नाव द्यायचं नसेल तर देऊ नका. खरंच देऊ नका. फोन उचलणारा कितीही विचारो.

आणि नव्या पोलिसांच्या ट्रेनिंगला बोलावतात, तिथं मी वेगळं सांगतो. माणूस घाबरून फोन करतो तेव्हा त्याच्याकडं एखादंच मिनिट असतं. त्या मिनिटात गाडी विचारा. आमच्या ठाण्यात दुसऱ्याच दिवशी मी फोनशेजारी कागद चिकटवला होता. कुठं, काय, कोणती गाडी. नावाचा रकाना सगळ्यात खाली, तोही पेन्सिलनं.

पण हे सगळं मी शिकलो ते कोणाच्या पायावर शिकलो, ते सांगितल्याशिवाय गप्प बसलो तर मी लबाड ठरेन. चाचांना नांदेडला हलवलं होतं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. महिन्याभरानं पुरवणी जबाबासाठी मी आणि जमादार त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात दुरुस्तीला आलेल्या मशिनी. दुरुस्त झालेली मशीन पायानं चालवून बघितल्याशिवाय ते कोणाला देत नसत. आता त्या तशाच पडून होत्या. जबाबात सगळ्यांना विचारतात तसं मी विचारलं, "घरून किती वाजता निघालात?"

"चारला कमी पाच-दहा मिनिटं होती साहेब. तसा साडेतीनलाच निघत होतो, पण बीवी म्हणली, चहा टाकलाय, पिऊनच जावा."

लिहिता लिहिता जमादारांचा पेन थांबला. त्यांनी मान वर केली नाही. जबाबावर चाचांची सही घेऊन निघून जाता आलं असतं. कोणाला कळणार होतं? पण माझ्याच्यानं उठवेना.

"चाचा," मी म्हणालो, "त्या गाडीचा फोन आम्हाला तीन वीसला आला होता. तेव्हा गाडी मांडवाच्या दारात उभी होती."

चाचा माझ्याकडं बघायला लागले. रागानं नाही. हिशोब न लागणाऱ्या माणसासारखे. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मग तवा तुम्ही काय केलं साहेब?"

"नाव विचारलं," मी म्हणालो.